बसून काम की उभ्याने?

भाचा विचारतोय, स्टँडिंग डेस्क घेऊ का. वजन उतरतं वगैरे जाहिरातबाजी सोड रे, उभं राहून तासाला जेमतेम 8-10 कॅलरी जास्त जळतात, त्यात वडापावचा एक घासही फिटत नाही. कंबर सलग बसून आखडतेच, पण सलग उभं राहिलं की टाचा ठणकतात, पाय सुजतात, व्हेरिकोज (पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास) असेल तर नकोच. माउसचं बारीक काम, एक्सेल, डिझाइन बसूनच नीट होतं कारण हात टेकलेला असतो. कॉल उभ्याने मस्त. खर्चाआधी किचन ओट्यावर ट्राय कर, बुटका पडतो म्हणून पाटावर कीबोर्ड, डब्यांवर लॅपटॉप, कोपर काटकोनात. विरारहून लोकलला लटकत येणाऱ्याने चांगली खुर्चीच घ्यावी. घरूनच काम आणि दिवसभर कॉल असतील तर वरखाली होणारं टेबल घे.