एकच वर्गणी परवडत असेल तर: आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषद की आपल्या भागातली संघटना?

दफ्तरखान्यात नव्यानं रुजू झालेल्या दोघातिघांनी मला अलीकडे एकच प्रश्न विचारला. पगारातून वर्षाला एकच वर्गणी निघते. ती आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेला, म्हणजे आयसीएला द्यावी, की आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिक संघटनेला? मी दोन्हीकडे सभासद राहिलो आहे. सहा वर्षं तिकडे होतो, आता तिसरं वर्ष इकडे आहे. माझा अनुभव पुण्यातल्या एका जुन्या अनुदानित शिक्षणसंस्थेच्या दफ्तराचा, त्यामुळे सरकारी अभिलेखागारात असणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. नियतकालिकं, कार्यशाळा, परिषदांमधली सवलत यांत मी शिरत नाही. कागद वाचवण्यासाठी तोंड उघडायची वेळ येते तेव्हा सभासदत्वाचा काय उपयोग होतो, एवढंच मला सांगायचं आहे.

आयसीएकडून मला जे मिळालं ते मी कधीच कमी लेखणार नाही. १९४८ साली स्थापन झालेली ही संस्था. संग्रहाचं वर्णन कसं लिहायचं हे मी तिच्या आयसॅड-जी या मानकावरून शिकलो. त्याआधी आमच्याकडे यादी म्हणजे गठ्ठ्यांवर चिकटवलेले आकडे होते. अभिलेखांविषयीचा जागतिक जाहीरनामा तिनं २०१० साली ऑस्लोच्या सभेत मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं तो स्वीकारला. कागद हे पुराव्याचं, हक्कांचं आणि आठवणीचं साधन आहे, ते जपणं ही सगळ्यांची जबाबदारी आहे, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा मजकूर माझ्या पाहण्यात नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्याची प्रत अजून आहे.

आता प्रसंग सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत संस्थेनं दफ्तराची खोली संगणक कक्षासाठी द्यायचं ठरवलं. आवक-जावकच्या बारनिश्या, म्हणजे आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदवह्या, प्रवेश अर्जांचे गठ्ठे, जुनी व्हाउचरं रद्दीत जाणार होती. विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदी असलेली जनरल रजिस्टरं तेवढी मुख्याध्यापकांच्या कपाटात जायची होती. मी रात्री बसून चार पानी टिपण लिहिलं. जाहीरनाम्याचा आधार घेतला, मानकांचा उल्लेख केला. कार्यवाहांनी ते सगळं वाचलं, हे खरं. मग चष्मा काढून म्हणाले, "मजकूर चांगला आहे हो. पण हे कोण म्हणतंय? तुम्ही तर आमचेच नोकर. तुमच्या मागे इथं कोण आहे?"

या एका प्रश्नावर माझा निर्णय फिरला. जपणूक करणारा माणूस बहुतेक वेळा त्याच संस्थेच्या पगारावर असतो. त्याला वर्तमानपत्रात लिहिता येत नाही, विश्वस्तांना थेट पत्र धाडता येत नाही; फार तर टिपण लिहायचं आणि शेरा कधी येतो याची वाट पाहायची. मी आयसीएचा वैयक्तिक सभासद होतो खरा, पण पुण्यातल्या एका संस्थेच्या कार्यवाहांना मंगळवारी सकाळी फोन करायचा तर तो जगभराच्या संस्थेनं करावा, अशी अपेक्षा धरणंच चुकीचं. ते तिचं काम नाही. तिचं वजन देशांच्या पातळीवर पडतं. मला मात्र बुधवारी अकराच्या आत येऊन उभं राहणारं माणूस हवं होतं.

ते माणूस आमच्या प्रादेशिक संघटनेतून आलं. मी तेव्हा सभासदही नव्हतो. एका ओळखीच्या ग्रंथपालांनी नंबर दिला. निवृत्त अभिलेखपाल बाई, सगळे त्यांना ताई म्हणतात. बसनं आल्या आणि आधी कार्यवाहांकडे न जाता थेट खोलीत आल्या. "तुझं टिपण नंतर वाचते, आधी बारनिशी काढ. एकसष्टची."

१९६१ ची बारनिशी खाकी कापडी पुठ्ठ्याची आहे. खालची चार बोटं रुंदीची पट्टी चहाच्या रंगाची झालेली. पानशेतच्या पाण्याची खूण. त्या रेषेखाली शाई जांभळी होऊन पसरली आहे, वर मात्र अक्षर स्वच्छ आहे. १२ जुलैनंतर दहा दिवस नोंदच नाही. पुढे ऑगस्टात एक जावक नोंद आहे: पुरात खराब झालेली जनरल रजिस्टरं नव्यानं लिहून काढण्यास परवानगी मिळण्याबाबत. सप्टेंबरात तिचं उत्तर आवक झालेलं. ताईंनी दोन्ही नोंदींत कागदाच्या पट्ट्या घातल्या आणि बारनिशी घेऊन त्या कार्यवाहांच्या खोलीत गेल्या.

तिथं त्या फार बोलल्या नाहीत. तुमची त्या काळातली जनरल रजिस्टरं ही नक्कल आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. ती नक्कल कधी झाली आणि कुणाच्या परवानगीनं झाली, याचा पुरावा फक्त या बारनिशीत आहे. उद्या जात पडताळणीसाठी कुणी आजोबांच्या दाखल्याचा उतारा मागितला आणि समोरच्यानं विचारलं की हे सगळं एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत कसं, तर तुम्ही काय दाखवणार? न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ मध्ये राज्यभर जुनी दफ्तरं उघडली गेली, कुणबी नोंदींसाठी मोडीतली रजिस्टरं शोधली गेली, हे कार्यवाहांना माहीत होतंच. मग त्यांनी माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ पुढे ठेवलं. शासनाचं भरीव अनुदान घेणाऱ्या संस्थेनं अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवले पाहिजेत, ही त्यातली पहिलीच अट आहे. दोन दिवसांनी संघटनेच्या लेटरहेडवर दीड पानाचं मराठी पत्र आलं. त्यावर माझी सही नव्हती.

सगळंच बचावलं असं नाही. व्हाउचरं गेली, प्रवेश अर्जांचे निम्मे गठ्ठेही गेले. बारनिश्या मात्र एकूण एक राहिल्या. त्यांच्यासाठी जिन्याखालच्या जागेत लोखंडी मांडणी केली आणि कोणते कागद काढून टाकायचे हे ठरवणारी निंदणीकरण समिती नेमली गेली. त्या समितीशिवाय आता काहीही नष्ट होत नाही.

हा एका खोलीचा अनुभव, यावरून नियम काढायचा नाही. पण बाहेरची उदाहरणं पाहिली तरी माझं मत तिकडेच झुकतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०१२ साली खर्चकपातीपायी राज्य अभिलेखागार जनतेसाठी जवळजवळ बंद करण्याची घोषणा झाली. सोसायटी ऑफ अमेरिकन आर्किव्हिस्ट्स या राष्ट्रीय संघटनेनं विरोध नोंदवला, आणि त्याची गरज होतीच. पण रोजची खिंड लढवली ती राज्यातल्या अभिलेखपालांच्या संघटनेनं, वंशावळी शोधणाऱ्यांनी आणि इतिहासप्रेमी नागरिकांनी. साधारण महिन्याभरात गव्हर्नरांनी ते सुरू ठेवण्यासाठी पैसे दिले, आणि २०१३ मध्ये अभिलेखागार राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेकडे गेलं.

मोठ्या संघटनेची बाजूही भक्कम आहे. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार जनरल सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या हाताखालून सुटून १९८५ मध्ये स्वतंत्र झालं, त्यामागे याच राष्ट्रीय संघटनेची आणि इतिहासकारांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. असं काम जिल्ह्यातल्या चाळीस सभासदांच्या बळावर होत नाही. तुम्ही राष्ट्रीय पातळीच्या संस्थेत असाल, कायद्याचे मसुदे तुमच्या टेबलावर येत असतील किंवा डिजिटल जतन हेच तुमचं काम असेल, तर आयसीए घ्या; मी आग्रह धरणार नाही.

एक गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते. तो जागतिक जाहीरनामा मुळात वर बसलेल्या कुणी लिहिलेला नाही. त्याचं बीज क्युबेक प्रांतातल्या अभिलेखपालांच्या संघटनेच्या जाहीरनाम्यात आहे. आयसीएतल्या व्यावसायिक संघटनांच्या विभागानं तो उचलून जगासाठी घडवला. माझ्या काचेखालचा मजकूरसुद्धा अशा एका प्रादेशिक संघटनेतूनच आला आहे.

राहता राहिला प्रश्न आपल्या भागातली संघटना जिवंत आहे की नाही याचा. काही ठिकाणी ती नावापुरतीच असते: वर्षाला एक सभा, एक गट-फोटो. तिथं माझा सल्ला लागू नाही, तिथं आयसीएच बरी. वर्गणी भरण्याआधी चिटणिसांकडे संघटनेची स्वतःची जावक वही मागा. कागदपत्रं वाचवण्यासाठी शेवटचं पत्र कुणाला गेलं, कोणत्या तारखेला गेलं आणि उत्तर आलं का, एवढं पाहा.