माल्टा की सायप्रस: उतरायचं कुठे?

दुबईहून निघणारं एमिरेट्सचं एक विमान गेली बरीच वर्षं सायप्रसमधल्या लार्नाकाला थांबून पुढे माल्टाला जातं. भूमध्य समुद्रातलं ऊन, निळं पाणी आणि जुने दगड हवे असतील, तर प्रश्न एवढाच की मधल्या थांब्याला उतरायचं की बसून राहायचं.

वरवर पाहता दोन्ही बेटं जुळी वाटतात. दोन्हींवर इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात, इंग्रजीवर सगळं भागतं. प्लगही इंग्रजी वळणाचा, तीन चौकोनी पिनांचा. त्याचा अडॅप्टर इथूनच न्या. दोन्हीकडे 2008 पासून युरो चालतो. रेल्वे दोन्हीकडे नाही. इतकंच काय, माल्टा ज्यांनी घडवला ते सेंट जॉनचे सरदारही (धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांचा संघ) आधी सायप्रसलाच होते. 1291 मध्ये पॅलेस्टाइनमधलं आक्रे हातचं गेल्यावर ते तिथे आले, मग ऱ्होड्सला गेले आणि 1530 मध्ये माल्टाला पोचले.

खरा फरक आकाराचा, आणि बाकीचे बहुतेक फरक त्यातूनच निघतात. माल्टाची सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मी. सायप्रस 9,251 चौरस किलोमीटर, रत्नागिरी जिल्ह्याहून मोठा, आणि मधोमध 1,952 मीटर उंचीचं ऑलिंपस शिखर.

गडकिल्ल्यांवर जीव असेल तर फार विचार करू नका, माल्टाला जा. 1565 मध्ये ऑटोमन आरमाराने वेढा घातला, तेव्हा बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मोचा छोटा किल्ला जवळजवळ महिनाभर लढला आणि पडला. पण त्या महिन्याने बाकीचं बेट वाचवलं. पुढच्याच वर्षी आजची राजधानी वॅलेटा हिची पायाभरणी झाली. अख्खं शहर आखून बांधलेलं, सरळ रेषेतल्या गल्ल्या, दोन्ही टोकांना समुद्र. अप्पर बराक्का बागेच्या सज्जावर दुपारी बाराला उभे राहा: खाली तोफांची रांग, एक तोफ धडाडते, धूर बंदरावर पसरतो, आणि समोर बिर्गूचा सेंट अँजेलो किल्ला. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर धक्क्यावरून थेट या सज्जापर्यंत लिफ्ट आहे, तीच घ्या. वॅलेटाच्या पायऱ्यांच्या गल्ल्या दमवतात. सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोचं 1608 सालचं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव, आणि सही कुठे, तर संताच्या सांडलेल्या रक्तात. ज्या दालनात ते लागलंय तिथेच काही महिन्यांनी त्याला सरदारांच्या संघातून हाकलण्यात आलं. हे सगळं चालत चालत, एका दिवसात. गोझो या शेजारच्या बेटावरची जगांतियाची देवळं तर पिरॅमिडांच्याही आधीची. फेरीबोटीने साधारण पंचवीस मिनिटं.

पण किनाऱ्यासाठी म्हणाल तर माल्टा नको. वाळूचे किनारे मोजकेच, बाकी खडक. कोमिनो या छोट्या बेटाचा ब्लू लगून फोटोत स्वर्ग दिसतो, उन्हाळ्यात तिथे टॉवेल टाकायला जागा मिळत नाही. शहरी भागात बांधकामं आणि वाहतुकीची कोंडीही भरपूर. गोझोचा प्रसिद्ध दगडी दरवाजा, अझूर विंडो, 2017 च्या मार्चमध्ये वादळात कोसळला; जुने फोटो दाखवून कोणी टूर विकत असेल तर सावध.

सायप्रसचं सुख वेगळं आहे, आणि ते गाडी भाड्याने घेणाऱ्यालाच मिळतं. बसने गेलात तर एका शहरात अडकून पडाल. सकाळी समुद्रात, दुपारी ट्रूडोस डोंगरांतल्या पाइनच्या सावलीत, आणि वाटेत बाहेरून गोठ्यासारखी दिसणारी, आत छतापर्यंत रंगवलेली बायझंटाईन चर्चं. त्यातली दहा जागतिक वारसा यादीत आहेत. पाफोसला रोमन घरांच्या फरश्यांवरची मोझाइकं शेडखाली, लाकडी पुलावरून पाहता येतात. त्यातल्या एकात ग्रीकांचा मद्यदेव डायोनायसस बिबट्यांच्या रथातून मिरवतोय, भारत जिंकून परतल्याच्या ग्रीक दंतकथेतला. आपल्याला हसू येतं, पण चित्र सुरेख आहे.

1974 च्या तुर्की आक्रमणापासून बेट दुभंगलेलं, आणि राजधानी निकोसियाही: दक्षिणेला सायप्रस सरकार, उत्तरेला तुर्की सायप्रियटांचा भाग. लेड्रा स्ट्रीटवर दुकानं पाहत चालत जावं आणि मध्येच पासपोर्ट दाखवून पलीकडे उत्तर भागात. मात्र बेटावर उतरायचं ते लार्नाका किंवा पाफोसलाच. उत्तरेच्या एर्कान विमानतळावरून आलात तर सायप्रस सरकारच्या लेखी तो बेकायदा प्रवेश. भाड्याच्या गाडीचा विमाही सहसा पलीकडे चालत नाही.

जेवणात, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी, सायप्रस सरळ पुढे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास कडक, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघरी ठरलेले. ‘लुव्ही’ मागवलीत तर ताटात चक्क चवळी येते, पालेभाजी, ऑलिव्ह तेल आणि लिंबाबरोबर. ‘कोलोकासी’ म्हणजे आपला अळूचा कंद. बुळबुळीत होऊ नये म्हणून तिथल्या बायका तो धुवत नाहीत, पुसतात, आणि सुरी घालून टवका मोडतात. बहुतेक वेळा तो डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून आधी विचारा. माल्टात ससा हा राष्ट्रीय पदार्थ. शाकाहाऱ्याला रिकोटा किंवा वाटाण्याचं सारण भरलेले पास्तित्झी, म्हणजे तिथले खुसखुशीत पापुद्र्यांचे पॅटिस, आहेत, गरम आणि स्वस्त, पण पाऱ्यांत चरबी असू शकते. आणि रोज तेच खाऊन कंटाळा येतो.

मे महिन्यात सुट्टी असेल तर माल्टा: हवा छान, पाणी गार असलं तरी किल्ले बघायला काय बिघडतं. दिवाळीत जायचं तर सायप्रस, कारण ऑक्टोबर-अखेरीसही तिथला समुद्र पोहण्याजोगा असतो, आणि माल्टात तोवर पाऊस सुरू झालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही टाळा. निकोसियात पारा चाळिशीला टेकतो.

माझं मत विचाराल तर पाच-सहा दिवस आणि गाडी चालवायची नाही, तर माल्टा. आठ-दहा दिवस, बरोबर मुलं, आणि आंतरराष्ट्रीय परवान्यासह कोणीतरी चालवणारं, तर सायप्रस. ‘दोन्ही करू’ हा मोह होतो, पण आठवड्यात दोन्ही म्हणजे नुसती विमानतळांची सहल.

व्हिसाचं आधी बघा. माल्टाला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो, आणि त्याच व्हिसावर जोडून सिसिली होते, तिथे माल्टाहून बोट जाते. सायप्रसचे नियम वेगळे आणि बदलते, तेव्हा तिकिटाआधी त्यांच्या दूतावासाचं संकेतस्थळ वाचा. माल्टा ठरलाच तर हॉटेलच्याही आधी हायपोजियमची, म्हणजे खडकात कोरलेल्या त्या प्राचीन भुयारी दफनभूमीची, तिकिटं काढा. आत एका वेळी दहा-एक माणसंच सोडतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.