मालवणची बिननावाची खाणावळ : साडेचार स्टार, अर्धा का कापला ते वाचा

आधीच सांगते, या खाणावळीला नाव नाहीये. मालवणात बंदराकडे जाताना आतल्या गल्लीत एक जुनं कौलारू घर आहे, गेटवर पत्र्याची पाटी, 'घरगुती जेवण मिळेल', बस एवढंच. आम्हाला रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही पुढे निघूनच गेलो असतो.

मे च्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो, मी, नवरा, सासूबाई, १४ वर्षांचा मुलगा आणि १० वर्षांची लेक. चिपळूणहून ट्रेनने कणकवली आणि तिथून एसटी. तिकिटाची गंमत सांगायलाच हवी कारण ती पुढे कामाला येणार आहे. सासूबाई ७७ च्या, त्यांना ७५ च्या वरचे म्हणून फुकट, मला महिलांचं अर्धं, लेकीचं पण अर्धं, आणि नवरा नि मुलगा दोघेच फुल. मुलगा कणकवलीपासून वाटेतल्या कट्टा गावापर्यंत कुरकुरत होता की हा अन्याय आहे, घरात सगळे मला लहान म्हणतात आणि कंडक्टरला मात्र मी मोठा दिसतो.

सकाळी सिंधुदुर्ग किल्ला केला. १६६४ ला काम सुरू होऊन तीन वर्षांत समुद्रात किल्ला उभा राहिला हे मुलांना मी बोटीत सांगत होते, पण मुलांना त्यापेक्षा दूधबाव, दहीबाव, साखरबाव जास्त आवडल्या, चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, लेकीने तर दही कुठेय म्हणून वाकून वाकून बघितलं. ऊन असं की डोक्यावर तवा ठेवलाय. परत आलो तेव्हा दोघंही भुकेने चिडलेली.

तर जेवण. पडवीत चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एकच आणि तो पण आम्ही बसल्यावर दहा मिनिटांत लाईट गेली म्हणून बंद. मुलाने बसल्या बसल्या मोबाईल काढला, नेटवर्क नाही. मग विचारलं, काकू नूडल्स आहेत का. काकू म्हणाल्या, नाय. चिकन लॉलीपॉप? नाय. बरं वाटलं मला खरं सांगायचं तर, कारण हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात येताजाता हेच बघतो आपण, आईबाप सुरमई खातायत आणि पोरं मान खाली घालून मोबाईल बघत पनीर चिली, आणि तिथे कुणाला त्याचं काही वाटत पण नाही. आम्ही पण त्यातलेच, उगाच शहाणपणा नको.

नवऱ्याने सुरमई थाळी मागितली तर काकूंनी स्वतःच अडवलं, "आज बांगडो बरो गावलो, सुरमय घेव नको." सुरमईचे ३५० आणि बांगड्याचे २०० असताना स्वतःच्या धंद्याचं नुकसान करून असं सांगणारी बाई मी तरी पहिल्यांदा बघितली. सासूबाईंचा सोमवार, त्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, तेही वेगळ्या टोपातलं आणि वेगळ्या डावाने वाढलेलं, न सांगता.

ताटं आली आणि मी सवयीने उठले वाढायला. परक्या घरात! काकूंनी हाताने खाली बसवलं, "तू बस गो बाय, वाढूक मी आसंय मा." सगळ्यांचं गरम आणि माझं पण गरम, असं शेवटचं कधी जेवले होते आठवत नाही.

तिरफळ (माशाच्या आमटीत घालतात ते मसाल्याचं फळ) घातलेली बांगड्याची आमटी, वर तळलेला अख्खा बांगडा, उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. आमटी एक नंबर, खोबरं पाट्यावर वाटल्यासारखं गुळगुळीत आणि तिरफळाचा वास असा की लाईट नसल्याचं विसरायला होतं. (तिरफळ खायचं नसतं, बाजूला काढायचं, लेकीने चावलं आणि दहा मिनिटं जीभ बधीर झाली म्हणून जीभ बाहेर काढून बसली होती. लहान मुलं असतील तर आधी सांगा.)

आता मुद्दा. मी माझं ताट बाजूला सारून मुलाच्या बांगड्याचे काटे काढायला घेतले. १४ वर्षांचा मुलगा, मिशी फुटायला आलीये, आणि मी काटे काढतेय, तो समोर बघत बसलाय. बाजूला लेक आपला आपण खातेय, काट्यांची नीट रांग लावून. काकू भात घेऊन आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "चेडवाक येता, मगे झिलाक कित्याक येना नाय?" म्हणजे मुलीला येतं, मग मुलाला का येत नाही?

मी लगेच कारण सांगितलं. तो तीन वर्षांचा असताना घशात काटा अडकला होता, भाताचे गोळे गिळवले, केळं दिलं, शेवटी रात्री डॉक्टरांनी चिमट्याने काढला, तेव्हापासून भीती बसली. काकूंनी ऐकून घेतलं. पण बोलता बोलता माझं मलाच कळलं की भीती बसली होती तर ती लेकीच्या वेळी कुठे गेली? ती सहा वर्षांची असताना सासूबाईंनी तिला शिकवलं आणि मी बघितलं पण नाही तिला काटा लागला की नाही. दुसऱ्या मुलाला वेळ कमी मिळतो हे खरं, पण तेवढंच खरं नाही. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की लेक पाणी आणते आणि मुलगा मी सांगितलं तरी 'आणतो' म्हणून तिथेच.

सासूबाई आंबोळी मोडत हळूच म्हणाल्या, "ह्यालाही मीच काढून द्यायचे, बारावीपर्यंत." नवरा सोलकढी पीत राहिला. वाटी रिकामी होती.

काकूंनी मुलाला काटाचमचा वगैरे काही दिला नाही. "हात आसत मा तुका?" म्हणून त्याचा अंगठा धरून बांगड्याच्या पाठीवरून दाबत नेला, वरचं मांस दोन्ही बाजूंना सुटलं, मग शेपटी धरून मधला काटा अख्खा उचलला, कंगव्यासारखा. पोटाकडचे बारीक काटे बोटाने चाचपून काढायचे. मुलगा म्हणाला भीती वाटते, तर लेक म्हणाली, "दादा, फुल तिकीट काढलंय तुझं." आम्ही सगळे हसलो, तो पण हसला, आणि खाल्ला. अर्धा मासा काट्यालाच राहिला आणि तो पडवीतल्या मांजराने नेला, पण खाल्ला.

उठताना काकूंनी मुलाला ताट मोरीवर न्यायला सांगितलं. त्याने नेलं. नवऱ्याला कुणी सांगितलं नाही, तरी तो पण आपलं ताट घेऊन मुलाच्या मागे गेला, मोरी कुठेय ते माहीत नसल्यामुळे दोघं आधी न्हाणीघरात शिरले.

अर्धा स्टार कापला तो वाट बघण्याचा. पाऊण तास लागला, मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर हे जड जातं. काकू एकट्याच करतात, म्हणून सकाळी दहाच्या आत जाऊन किती माणसं ते सांगून या, तेवढीच मासळी आणतात. सोलकढीत मीठ जरा जास्त होतं. टॉयलेट परसात आहे, लाईट गेली की काळोख. गुगल पे चालतं म्हणतात पण नेटवर्क नाही तर काय चालणार, सुट्टे न्या. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी शोधत जाऊ नका, काकू सुकटीची चटणी आणि सुक्या बांगड्याचं तिखलं करतात म्हणाल्या. त्यासाठी आम्ही परत जाणार आहोत, पण मुलाने अट घातलीये की त्याचं तिकीट त्याच्याच हातात द्यायचं.