आधी ड्रेनेज की आधी पार्किंग? कोल्हापूरच्या सभागृहापुढे येणाऱ्या विकासकामांची तुलना

कोल्हापूर महानगरपालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला. या काळात साचलेली अपेक्षा आता एकदम सभागृहावर येऊन पडते. प्रत्येक प्रभागाला रस्ता हवा, प्रत्येक पेठेला पार्किंग हवे आणि मोठा पूल तर सर्वांनाच हवा, पण तिजोरी एकच असते. हा आढावा त्या सदस्यासाठी आहे, ज्याला विषयपत्रिकेवरच्या प्रस्तावांपैकी कशाला आधी हात वर करायचा हे ठरवायचे आहे. आणि त्या नागरिकासाठीही, ज्याला आपल्या नगरसेवकाकडे नेमका कोणता आग्रह धरावा हे समजून घ्यायचे आहे.

तुलना करताना बांधकामाचा खर्च हा एकच आकडा समोर ठेवण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, काम पूर्ण झाल्यानंतर पाचव्या वर्षी ते कोण चालवणार आणि त्याचे वीजबिल, पगार व दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षातून भागणार? शहरांतील पाणी व सांडपाण्याच्या कामांसाठीच्या अमृतसारख्या केंद्राच्या योजनांतून किंवा राज्याच्या निधीतून बांधकामाला पैसा मिळतो, परंतु पुढचा चालू खर्च मुख्यतः घरफाळा आणि पाणीपट्टीवर येतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही (एलबीटी) गेला, आणि आता वस्तू व सेवा कराच्या अनुदानावर विसंबणाऱ्या महापालिकेला नवा चालू खर्च अंगावर घेताना दोनदा विचार करावाच लागतो.

सांडपाणी: सर्वांत कमी दिसणारे, सर्वांत निकडीचे काम

कळंबा-कात्यायनीच्या बाजूने निघून शहराच्या मध्यातून वाहणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदीपूर्वी बंधाऱ्याजवळ त्याचे पाणी अडवून पंपांनी उचलायचे आणि कसबा बावड्यातील ७६ एमएलडी क्षमतेच्या, म्हणजे रोज ७ कोटी ६० लाख लिटर पाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात पाठवायचे, अशी व्यवस्था आहे. दुधाळी येथे १७ एमएलडीचे दुसरे केंद्र आहे. या दोन आकड्यांची बेरीज ९३ होते.

आता साधा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी हा नियोजनातील प्रचलित निकष लावला, तर रोज सुमारे ५९ एमएलडी सांडपाणी तयार होते. म्हणजे कागदावर प्रक्रियेची क्षमता पुरून उरते. तरीही नाला बंधाऱ्यावरून ओसंडून थेट नदीत जाण्याचे प्रकार वारंवार घडत आले आहेत. लोकसंख्या त्या जनगणनेनंतर वाढली, भाविक आणि पर्यटकांची भर पडते, प्रत्यक्ष पाणीवापर निकषापेक्षा जास्त असतो, ही कारणे आहेतच. पण मुख्य अडचण अशी की, अनेक भागांत सांडपाणी बंद वाहिनीतून न जाता उघड्या नाल्यातूनच वाहते. पावसात तोच नाला पावसाचे पाणीही वाहून आणतो आणि वीज गेली किंवा पंप बिघडला की उपसा थांबतो. शिवाय पाचगाव, कळंबा यांसारख्या हद्दीबाहेरच्या वस्त्या शहराला लागूनच वाढल्या आहेत, तर १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही. उताराचे पाणी हद्द ओळखत नाही, त्यामुळे त्या गावांना सोबत घेतल्याशिवाय नाल्याचा कोणताही प्रकल्प अर्धाच राहतो.

यावरून ड्रेनेजच्या प्रस्तावांमध्येही निवड करावी लागते. नवे प्रक्रिया केंद्र हा मोठा, उद्घाटनाला साजेसा प्रस्ताव असतो. घरोघरच्या जोडण्या, गल्लीबोळांतील ड्रेनेज लाईन आणि उपसा केंद्रांना पर्यायी वीजपुरवठा हा विखुरलेला, रस्ते खोदणारा आणि म्हणून नागरिकांचा रोष ओढवणारा प्रस्ताव असतो. दोन्ही एकाच बैठकीत आले, तर मी निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने मत देण्यास सांगेन, कारण पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नसेल तर नव्या केंद्राची क्षमता कागदावरच राहील. एक अट मात्र घालावी: वाहिनी टाकल्यानंतर रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च त्याच निविदेत असावा आणि नव्याने डांबरीकरण होणाऱ्या रस्त्यांच्या यादीशी या कामाचे वेळापत्रक जुळवलेले असावे.

हा प्रश्न केवळ कोल्हापूरचा नाही. पंचगंगेचे पाणी पुढे इचलकरंजीकडे जाते, आणि २०१२ मध्ये तिथे आलेल्या काविळीच्या मोठ्या साथीत माणसे दगावली. वरच्या शहराने नदीत काय सोडले याची किंमत खालच्या शहराने मोजावी, हे कोणत्याही सभागृहाला शोभणारे नाही. म्हणूनच पुढील सर्व प्रस्तावांच्या वर मी या कामाला ठेवतो.

पाणीपुरवठा: थेट पाईपलाईन आली, पुढे काय?

काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर अंतरावरून पाणी आणणारी थेट पाईपलाईन प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. पंचगंगेच्या दूषित पाण्यावरचे अवलंबित्व कमी करणारी ही योजना शहराला आवश्यकच होती. मात्र पंपांतील बिघाड, वीजपुरवठ्यातील व्यत्यय आणि गळती यांमुळे त्यानंतरही अनेकदा पाणी बंद राहिले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे आता पाण्यासाठी निधी मागणारा प्रस्ताव आला, तर त्यात राखीव पंप, देखभालीचा करार आणि शहरांतर्गत जुन्या जलवाहिन्या बदलणे यांचा वाटा किती आहे, ते पाहावे. धरणातून आणलेले पाणी गंजलेल्या वाहिनीतून गळून जात असेल, तर त्याच्या उपशावर झालेला विजेचा खर्चही वाया जातो.

इथे सांडपाण्याशी असलेला संबंध विसरता येत नाही. शहरात जेवढे पाणी वाढेल, त्याचा चार पंचमांश भाग सांडपाणी होऊन परत नाल्यात उतरेल. म्हणून पाणी आणि ड्रेनेज हे दोन विभागांचे दोन प्रस्ताव असले, तरी सभागृहाने ते एकत्र मागवून एकत्र चर्चेला घ्यावेत.

मंदिर परिसरातील पार्किंग: पेठेत मजले की वेशीवर वाहनतळ?

अंबाबाई मंदिराभोवतीची कोंडी खरी आहे. नवरात्रात आणि सुट्टीच्या दिवशी महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप आणि बिंदू चौक या भागात स्थानिक माणसाला घरातून बाहेर पडणेही अवघड होते. ऑगस्ट २०२५ मध्ये भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सीपीआर रुग्णालय परिसरातली वर्दळही वाढली आहे. यावर दोन प्रकारचे उपाय मांडले जातात.

पहिला उपाय म्हणजे मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बहुमजली पार्किंग. त्याचा फायदा असा की, वृद्ध भाविकांना आणि दुकानदारांना ते सोयीचे पडते आणि शुल्कातून उत्पन्नही मिळते. तोटा असा की, जिथे गाडी लावण्याची खात्री मिळते तिथपर्यंत प्रत्येक जण गाडी आणतो. इमारतीत जागा मिळेल, पण तिथे पोहोचणाऱ्या अरुंद रस्त्यांची रुंदी वाढणार नाही. दुसरी बाब उंचीची. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत जातात, आणि या मार्गातील उंच बांधकामांचे अडथळे हा किरणोत्सवाच्या वेळी दरवर्षी चर्चेचा विषय असतो. पश्चिमेकडे कोणतेही उंच बांधकाम सुचवले गेले, तर किरणमार्गाची मोजणी झाल्याशिवाय त्याला मंजुरी देऊ नये.

दुसरा उपाय म्हणजे शहरात येणाऱ्या वाटांवर, म्हणजे शिरोलीच्या बाजूला, फुलेवाडीकडे आणि कळंब्याकडे सपाट वाहनतळ करून तेथून केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेच्या, बसने भाविकांना आणणे. केएमटीसाठी पीएम ई-बस सेवा योजनेतून १०० इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत, त्यामुळे या कल्पनेला आता साधन मिळू शकते. इमारतीपेक्षा वाहनतळाचा भांडवली खर्च कमी येतो, पण बस वेळेवर सुटली नाही तर पहिल्याच नवरात्रात लोक तो सोडून देतील. चालू खर्च इथे जास्त असून तो कायमचा आहे, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा लागेल.

दोन्हींतून निवडायचे तर मी वेशीवरच्या वाहनतळाकडे झुकतो, कारण पेठांतील रस्त्यांवरचा भार त्यानेच कमी होतो. पेठेत बांधायचेच असेल, तर ते तिथल्या रहिवाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गाड्यांसाठी असावे. शिवाय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये महालक्ष्मी मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता दिली आहे. ज्या कामाचा खर्च त्या आराखड्यातून होऊ शकतो, त्यासाठी महापालिकेने स्वतःचा निधी अडकवू नये.

उड्डाणपूल आणि मोठे रस्ते

शिरोलीकडून तावडे हॉटेल आणि ताराराणी चौक (कावळा नाका) या मार्गावर पूल किंवा उन्नत रस्ता करण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. पुराचा विचार करता त्यात तथ्य आहे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला आणि औषधे, दूध, इंधन शहरात आणणे कठीण झाले. मात्र हे काम मुख्यतः राष्ट्रीय महामार्गाच्या निधीचे आहे. सभागृहाने त्याला पाठिंब्याचा ठराव द्यावा, पुलाच्या भरावामुळे पुराचे पाणी तुंबणार नाही ना, याचा जलशास्त्रीय अभ्यास मागावा आणि महापालिकेचा पैसा तिथे घालू नये.

खासगी भांडवलातून रस्ते करण्याचा प्रस्ताव आला, तर शहराला त्याचा अनुभव आहे. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर सुमारे २२० कोटींच्या खर्चाने ४९ किलोमीटरचे रस्ते झाले, ऑक्टोबर २०१३ मध्ये टोल सुरू झाला आणि प्रा. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लोकआंदोलनानंतर तो रद्द करावा लागला. रस्त्यांची गरज तेव्हाही होती. विरोध होता तो आपल्याच शहरात शिरण्यासाठी पैसे मोजण्याला आणि कामाच्या दर्जाला. यापुढे असा करार सभागृहात येईल, तेव्हा त्याचा मराठी अनुवाद मतदानापूर्वी किमान महिनाभर नागरिकांसाठी खुला असावा, असा ठराव आधीच करून ठेवावा.

रंकाळ्याच्या सुशोभीकरणाविषयी थोडक्यात एवढेच की, तलावात मिसळणारा शेवटचा नाला बंद होईपर्यंत काठावरचे दिवे आणि कारंजी थांबू शकतात.

पुराची कसोटी आणि मतदानाचा क्रम

वरील प्रत्येक प्रस्तावाला एक कसोटी समान लावावी. जागा पाटबंधारे विभागाच्या निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या आत आहे की निळ्या आणि लाल, म्हणजे मोठ्या महापुराच्या रेषेच्या मध्ये, हे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर नमूद असावे. बालिंगा, नागदेववाडी आणि शिंगणापूरची उपसा केंद्रे महापुरात बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. त्यामुळे पंप, वीज पॅनेल आणि जनित्रे २०२१ च्या पातळीच्या वर बसवण्याची तरतूद नसलेला कोणताही प्रस्ताव परत पाठवावा.

माझा क्रम असा राहील: प्रथम ड्रेनेज लाईन व उपसा केंद्रांची वीजव्यवस्था, त्याच ठरावाला जोडून जलवाहिन्या बदलणे, नंतर वेशीवरचे वाहनतळ, तेही केएमटीचे वेळापत्रक आणि चालू खर्चाची तरतूद सोबत असेल तरच, आणि पेठेतील बहुमजली पार्किंग सर्वांत शेवटी. एखाद्या सदस्याच्या प्रभागात सांडपाण्याची अडचण नसेल आणि वाहतूककोंडी असह्य असेल, तर त्याने पार्किंगचा आग्रह धरणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्याने प्रशासनाकडे पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचा लेखी तक्ता मागावा आणि तो स्थायी समितीच्या सोळा सदस्यांपुढे प्रस्तावासोबतच ठेवला जाईल, याची खात्री करून घ्यावी.