जुन्या पिनबॉलच्या पटात मुरलेला मळ: नॅप्था, पॉलिश की मेलामाइन स्पंज?

जुन्या पिनबॉल यंत्राची काच सरकवून पट, म्हणजे बॉल ज्यावर धावतो तो छापील लाकडी पृष्ठभाग, उजेडात पाहिला, की फ्लिपरच्या (बॉल मारणाऱ्या खालच्या दांड्यांच्या) वरच्या भागात, स्लिंगशॉटच्या (त्यांच्या वरच्या, बॉल उडवणाऱ्या त्रिकोणी रबरांच्या) तोंडाशी आणि पॉप बंपरांच्या (बॉलला धक्का देणाऱ्या गोल खांबांच्या) मधोमध केसासारखे बारीक, वळणदार काळे ओरखडे दिसतात. फडक्याने ते हलत नाहीत. मग घाई होते. कुणी सुताराकडून एनसी थिनर आणतो, कुणी पॉलिश पेपर. दोन्हींनी मळ निघतो, पण सोबत छपाईही निघते, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ती छपाई परत मिळत नाही.

मळ किती काळा दिसतो यावरून पद्धत ठरवली तर चूक होते. तो कोणत्या थरात बसलाय, ते आधी पाहायला हवं.

पट म्हणजे प्लायवूड, त्यावर स्क्रीन-छपाईचे रंग आणि त्यावर लॅकरचा पातळ थर. विल्यम्स या अमेरिकी पिनबॉल कंपनीने 1990च्या आसपास डायमंडप्लेट नावाचं टणक पॉलियुरेथेन आवरण आणलं; त्याआधीच्या बहुतेक यंत्रांवर साधं लॅकरच असतं. जुनं लॅकर ठिसूळ होतं. त्यावर 27 मिलिमीटर व्यासाचा, 80 ग्रॅमचा पोलादी बॉल गरगरत आदळतो आणि जिथे उतरतो तिथे बारीक भेग पडते. बॉलची झिजलेली धातूची भुकटी, रबर रिंगांचा चुरा, कॉइलच्या प्लंजरमधून (विजेने सरकणाऱ्या लोखंडी दांड्यातून) पडणारी काळी धूळ आणि जुनं वॅक्स त्या भेगेत दाबलं जातं. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात तसंच हे आहे. वरून कितीही झाडलं तरी भेगेत गेलेली माती निघत नाही.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. दहापट भिंग घ्या आणि बॅटरी पटाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. काळी रेघ लॅकरवर उठलेली दिसली तर मळ वर आहे. रेघ खोल आहे पण दोन्ही बाजूंचा रंग शाबूत आहे, म्हणजे मळ भेगेत आहे. रंगच उडालाय आणि लाकडाचे तंतू दिसतात, तर मळ लाकडात गेलाय. शंका असेल तिथे इअरबडने नॅप्थाचा (लायटरमध्ये भरायच्या द्रव इंधनाचा) एक थेंब ठेवा. शाबूत लॅकरवर थेंब वर बसून उडून जातो. उघड्या लाकडात तो मुरतो आणि ती जागा थोडा वेळ गडद होते. लाकडात गेलेला मळ पूर्ण काढायचा हट्ट धरू नका. त्या वाटेने पट पांढराफटक होतो.

नॅप्था: सगळ्यांची पहिली पायरी

लायटरमध्ये भरायचं द्रव इंधन हे नॅप्थाच असतं, आणि छोट्या डब्यांत सहज मिळतं. ते वॅक्स, तेल आणि चिकट काळपटपणा विरघळवतं. वाळलेल्या लॅकरला आणि छपाईला हात लावत नाही. पट साधारण 51 सेंटिमीटर रुंद आणि 105 सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. एवढ्याला 100 ते 150 मिलिलिटर पुरतं. द्रव पटावर ओतू नका, फडक्यावर घ्या. हातभर जागा पुसली की फडक्याची घडी बदला, नाहीतर तोच मळ पुढे पसरतो. आठ-दहा मायक्रोफायबर फडकी हाताशी लागतात.

नॅप्था न मिळाल्यास रंगाच्या दुकानातलं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, चालतं. लॅकरला तेही इजा करत नाही, पण सावकाश उडतं आणि मागे हलकी तेलकट झिलई ठेवतं, म्हणून लगेच कोरड्या फडक्याने दुसरा हात फिरवावा लागतो. रॉकेल आणि पेट्रोल मात्र नको. रॉकेलचा तेलकटपणा धूळ ओढत राहतो आणि पेट्रोलची वाफ घरात साठणं जिवावरचं काम आहे.

नॅप्थाची मर्यादा साफ आहे: ते भेगेतली धातूची भुकटी काढत नाही. तरीही कित्येक पट एवढ्यानेच ओळखू न येण्याइतके उजळतात, कारण जो मळ मुरलेला वाटत होता तो खरं तर जुन्या वॅक्समध्ये अडकलेला होता. हा हात फिरवल्याशिवाय पुढच्या पद्धतीचा निर्णय घेऊच नये.

पॉलिश की स्पंज: खरी निवड इथे आहे

प्लॅस्टिक पॉलिश म्हणजे अतिबारीक घासणारी पेस्ट. पिनबॉलवाल्यांत नोव्हस 2 वापरायची पद्धत आहे. त्याच मालिकेतलं नोव्हस 1 फक्त पुसण्यासाठी आहे आणि नोव्हस 3 लॅकरसाठी फार खरखरीत आहे, म्हणून आकडा पाहून घ्या. वाटाण्याएवढं पॉलिश तळहाताएवढ्या जागेवर, गोल हात फिरवत, एक-दोन मिनिटं. नंतर स्वच्छ फडक्याने चमक येईपर्यंत पुसायचं. लॅकरचा वरचा निस्तेज पापुद्रा निघतो, भेगेची काठं गुळगुळीत होतात आणि वरवरचे ओरखडे फिके पडतात. खोल रेघा राहतात, पण लांबून दिसत नाहीत.

तोटा एकच, पण मोठा. रंगाचे पापुद्रे उचकटलेले असतील किंवा लाकडाच्या तंतूंच्या दिशेने छपाईला उभ्या चिरा गेल्या असतील, तर पॉलिशची पांढरी पेस्ट त्या चिरांत शिरून वाळते. मग काळ्या रेघांऐवजी पांढऱ्या रेघा मिळतात आणि त्या काढणं जास्त अवघड. अशा चिरा 1960-70च्या दशकांतल्या यंत्रांवर नेहमी आढळतात. तिथे पॉलिश टाळा.

मेलामाइन स्पंजचं गणित वेगळं. हा पांढरा, भिंतीवरचे डाग पुसायचा फोम. सुतार ज्याला मेलामाइन म्हणतात त्या फर्निचरच्या पॉलिशशी त्याचा गोंधळ करू नका. हातात मऊ लागतो, पण तो अतिबारीक सॅंडपेपरच आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये (आयपीए) भिजवून फिरवला की अल्कोहोल जुन्या लॅकरचा वरचा थर किंचित मऊ करतं आणि फोम तो थर मळासकट खरवडतो. भेगेची खोली कमी झाली की त्यातला मळ उघडा पडून निघतो. म्हणजे हा स्पंज मळ धुवत नाही, लॅकर कमी करतो. परिणाम सगळ्यांत नाट्यमय मिळतो तो याच कारणाने, आणि तीच जागा तीनदा स्वच्छ केली की रंग जातो तेही याच कारणाने.

अल्कोहोल 99 टक्क्यांचंच घ्या. 70 टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं. ते भेगेतून लाकडात गेलं की तंतू फुगतात आणि रंग वर उचलला जातो. औषधाच्या दुकानात आयपीए मागितल्यावर सर्जिकल स्पिरिट पुढे आलं, तर ते परत करा. ती वेगळी वस्तू आहे आणि त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असू शकतात.

स्पंजचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे कापा. एक तुकडा भिजवून पिळा, ओथंबता नको. आधी ऍप्रनखाली (फ्लिपरच्या खालचा पट झाकणाऱ्या पत्र्याखाली), जिथे नजर जात नाही तिथे चाचणी घ्या. मग एका वेळी दहा सेंटिमीटरचा चौकोन, बोटाचं वजनही न टाकता, दहा-बारा फेऱ्या, लगेच कोरडं फडकं. प्रत्येक वेळी तुकड्याकडे बघा. करडा किंवा पिवळट दिसला तर मळ आणि जुनं लॅकर येतंय. लाल, निळा, हिरवा अंश दिसला की त्याच क्षणी थांबा, छपाई सुरू झाली. काळ्या रंगाच्या छपाईवर हा इशारा कळत नाही, तिथे स्पंज वापरूच नये. दिव्यांवरच्या प्लॅस्टिक इन्सर्टवर आकडे आणि अक्षरं छापलेली असतात. त्यांची पकड लाकडावरच्या रंगापेक्षा कच्ची असते, म्हणून इन्सर्टच्या कडेला अर्धा सेंटिमीटर सोडून थांबा.

स्पंज फिरवलेली जागा मंद, धुरकट दिसते. ती पॉलिशने उजळावी लागते, म्हणून स्पंज निवडला तरी पॉलिश लागतंच. उलट, पॉलिश निवडलं तर स्पंजची गरज पडेलच असं नाही.

आमचा कल स्पष्ट आहे. लॅकर शाबूत असेल तर नॅप्था आणि पॉलिशवर थांबा. फ्लिपरच्या वरचे दोन-तीन तळहाताएवढे पट्टे फारच काळे असतील, तर तेवढ्यापुरता स्पंज, आणि तोही यंत्राच्या आयुष्यात एकदाच. उभ्या चिरा गेलेल्या पटावर दोन्ही नको. नॅप्था आणि वॅक्स पुरे. डायमंडप्लेट असलेल्या पटावर प्रश्नच हलका आहे. आवरण फुटलेलं नसेल तर मळ आत जातच नाही, नॅप्था आणि पॉलिशने भागतं.

खानदेशातला उन्हाळा, कूलर आणि बोअरचं पाणी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. अशा दुपारी अल्कोहोल काही क्षणांत उडतं, फोम कोरडा पडतो आणि कोरडा फोम लॅकरवर ओरबाडे काढतो. उन्हाळ्यात काम करायचंच तर सकाळी सातच्या सुमारास सुरू करा आणि ऊन तापायच्या आत थांबा. कूलरसमोर तर अजिबात नको: अल्कोहोल उडताना पृष्ठभाग थंड होतो, कूलरच्या दमट हवेतलं पाणी मऊ लॅकरवर धरतं आणि पांढरी साय आल्यासारखा डाग पडतो. पावसाळ्यात हेच आपोआप घडतं. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यांत चांगले.

नॅप्था आणि आयपीए दोन्हींचा ज्वलनांक इथल्या कुठल्याही दिवसाच्या तापमानापेक्षा खाली आहे, म्हणजे त्यांची वाफ ठिणगीने पेटू शकते. यंत्राचा प्लग भिंतीतून काढा. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस लांब ठेवा, दारं-खिडक्या उघडी ठेवा, नायट्राइलचे हातमोजे घाला. काम संपलं की लगेच यंत्र चालू करून बघायचा मोह आवरा. जुन्या यंत्रांत फ्लिपरच्या पत्तीच्या स्विचमध्ये खरोखर ठिणगी उडते, आणि वाफ पटाखालच्या पेटीत साठलेली असू शकते. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन तास, पट उभा उघडा ठेवा. ओली फडकी बाहेर दोरीवर वाळवा.

इकडचं बोअरचं पाणी जड असतं, ते पटावर नकोच. काच पुसायचे अमोनियावाले द्राव, साबणाचं पाणी, ओलं फडकं, सगळं भेगांतून लाकडात जातं. कॅरमची सवय असलेल्यांना बोरिक पावडर टाकायची इच्छा होते. पिनबॉलचा बॉल घरंगळतो, सोंगटीसारखा घसरत नाही, त्यामुळे पावडरीचा उपयोग शून्य. उलट ती भेगांत आणि स्विचच्या पत्त्यांत जाऊन बसते.

पटावरून काढलेली काच कडक केलेली असते. तिचा कोपरा शहाबादी फरशीवर टेकला तर पूर्ण काच क्षणात चुरा होते. पलंगावर, गोधडीवर आडवी ठेवा.

मायलर आणि नवा क्लिअर कोट

काही पटांवर मायलर ही पारदर्शक चिकट फिल्म असते, कारखान्यातली किंवा नंतर कुणी लावलेली. फिल्म सपाट बसलेली असेल तर तिला राहू द्या. वरून पॉलिश चालतं, फक्त कडेशी नॅप्था मुरू देऊ नका, गोंद सुटतो. काढायचीच झाली तर धूळ उडवायच्या दाबलेल्या हवेचा कॅन उलटा धरून गार फवारा मारतात आणि कडक झालेली फिल्म सावकाश उचलतात. उरलेल्या गोंदावर नॅप्था आणि मैदा भुरभुरला की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. सैल रंग फिल्मसोबत उचलला जातो, त्यामुळे पहिल्याच यंत्रावर हा प्रयोग नको.

गाडी रंगवणाऱ्या गॅरेजमधून टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक कोट) मारून घेणं हा शेवटचा मार्ग. त्यासाठी पटावरचं प्रत्येक पोस्ट, रेल, दिवा, तार सोडवावी लागते. फोटो काढून, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावूनही हे कित्येक दिवसांचं काम आहे. खाली वॅक्स किंवा सिलिकॉनचा अंश राहिला तर क्लिअरला माशाच्या डोळ्यासारखी छिद्रं पडतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक, म्हणून घरच्या अंगणात साधा मास्क लावून फवारणी करायची नाही. आणि मळ आधी काढला नसेल तर तो क्लिअरखाली कायमचा बंद होतो.

शेवटचा हात

कोणतीही पद्धत घेतली तरी उघडं झालेलं लॅकर वॅक्सशिवाय सोडू नका. कारनौबाचं कडक पेस्ट वॅक्स घ्या. क्लीनर वॅक्स असं लिहिलेलं नको, त्यात घासणारी पूड असते. सिलिकॉनवालंही नको. दिसेल न दिसेल इतका पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, सुती कापडाने घासून चमकवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात.

जुना बॉल परत टाकू नका. त्यावरून नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले तर तो बॉल नव्या वॅक्सवर पहिल्याच संध्याकाळी कानशीसारखा चालेल. रबर रिंगही बदला. काळ्या रिंगांचा चुरा जास्त उठतो, पांढऱ्यांचा कमी दिसतो. पहिल्या पन्नासेक डावांनंतर पांढऱ्या सुती फडक्याने फ्लिपरच्या वरची जागा कोरडी पुसून पाहा. फडकं करडं झालं आणि पट स्वच्छ निघाला, तर मळ वॅक्सवर थांबलाय. रेघ पुन्हा तिथेच उमटली, तर त्या ठिकाणी लॅकर उरलेलं नाही. तिथे स्पंज परत उचलू नका, वॅक्सचा हात लवकर-लवकर देत राहा.