द्वंद्व: बटणांनी की शब्दांनी?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या आर्जेंट डॉनसारख्या रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे खेळाडू आपल्या पात्राची भूमिका वठवतात तिथे, दोन पात्रांचं भांडण तलवारीपर्यंत गेलं की प्रश्न येतोच: गेममधलं ड्युएल (बटणं दाबून खेळायचं द्वंद्व) घ्यायचं, की इमोट (पात्र काय करतंय याचं चॅटमधलं वर्णन) लिहून लढायचं?

ड्युएल झटपट उरकतं, हरणारा मरतही नाही. पण निकाल पात्राची लेव्हल आणि गिअर (शस्त्रं-चिलखत) ठरवतात. लंगडा म्हातारा शिपाई म्हणून रंगवलेलं पात्र भारी गिअरच्या जोरावर कोणालाही लोळवतं. शिवाय दोन्ही हात बटणांवर, मग संवाद टाइप करणार कधी?

दोन पात्रांमध्ये खरं वैर असेल तर मी इमोटच निवडेन. आधी हेतू लिहायचा: ‘धाप लागलेली असतानाही तो ढालीआडून गुडघ्यावर वार करू पाहतो.’ मग दोघांनी रोल टाकायचा, म्हणजे गेमकडूनच फासा टाकून घ्यायचा. १ ते १०० मधला आकडा येतो, मोठा आकडा सरस. वार कसा लागला हे मात्र समोरच्यालाच लिहू द्यावं. ते त्याच्याकडून हिरावून घेणं फार वाईट. भीती, चीड, जुनी दुखापत, सगळं इथेच दिसतं. वेळ मात्र खूप जातो. पाच-सहा जण असले तर ताटकळायला होतं.

डंजनमध्ये (गटाने लढायच्या ठिकाणी) बॉससमोर, म्हणजे तिथल्या बड्या शत्रूसमोर, इमोट लिहीत बसू नये, हीलरचे (गटाला बरं करत राहणाऱ्याचे) हाल होतात. तिथे मॅक्रोत (एका बटणावर चालणाऱ्या तयार कमांडमध्ये) आधीच भरून ठेवलेली एखादी आरोळी पुरे.