तंजावरची दुपार आणि ‘सरफोजीराजांच्या काळातलं’ चित्र

तिरुची, तंजावर, कुंभकोणम अशी छोटी सहल आखणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. तंजावरमध्ये आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं, ती पद्धत खास आपल्यासारख्यांसाठी बेतलेली आहे.

आधी वेळेचं गणित समजून घ्या. तमिळनाडूतली बरीचशी मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतात ती चारला उघडतात. तिरुचीहून तंजावर साठेक किलोमीटर. सकाळी निवांत निघून वाटेत इडली-कॉफी झाली की बृहदीश्वराच्या दारात पोचायला अकरा होतात. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं ते देऊळ धड डोळ्यांत मावत नाही तोवर बाहेर पडायची वेळ होते. मग साडेतीन तास मोकळे. ऊन रणरणतं, सोबत वयस्कर माणसं आणि भाषा येत नाही. फसवणारे या साडेतीन तासांवरच जगतात.

आमची गाडी एका एजंटाकडून फोनवर ठरवली होती. त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात ‘स्थानिक गाइडसह’ असं लिहिलेलं होतं. देवळाच्या दारात ड्रायव्हरने एका माणसाची ओळख करून दिली. पर्यटकांकडून शिकलेलं मोडकंतोडकं मराठी तो बोलत होता. माझ्या सासऱ्यांना त्याने वाकून नमस्कार केला, ‘आजोबा’ म्हणाला, आणि सरळ मराठी शिलालेखापाशी घेऊन गेला. देवळाच्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे तो, १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीतला. सासरे जन्मभर शाळेत इतिहास शिकवत आले. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथे आले, मराठ्यांचं राज्य इथे १८५५पर्यंत टिकलं, हे त्यांनी किती पिढ्यांना सांगितलं असेल. तो लेख वाचताना त्यांचा आवाज कापरा झाला. तो माणूस हे सगळं बघत होता.

बाहेर पडल्यावर आम्ही म्हटलं, आता राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. तो म्हणाला, “सरस्वती महाल आज बंद, आजोबा. तपासणी आहे. पण सरफोजी महाराजांच्या दरबारात चित्रं काढणारं घराणं आहे ना, त्यांच्याकडे जुनं काम बघायला मिळेल. घ्यायचं काही नाही, नुसतं बघा.” ड्रायव्हरनेही मान डोलावली.

दुकान थंडगार होतं. दारातच शिवाजी महाराजांची तसबीर, ताजा हार घातलेली. फिल्टर कॉफी आली, सासऱ्यांच्या पायाखाली छोटं स्टूल आलं. लोण्याचा गोळा घेतलेल्या बाळकृष्णाचं चित्र पुढे ठेवलं गेलं. शंभर वर्षांहून जुनं, बावीस कॅरेट सोन्याचा वर्ख, वर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. किंमत ८५,००० रुपये, पण “महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या माणसांना” ३२,०००. सासऱ्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून ते घेतलं. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. बिलावर फक्त ‘हस्तकला चित्र – १’. सोन्याचा, वयाचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांकही नाही.

संध्याकाळी देवळासमोर चहा घेताना नाशिकचं एक जोडपं भेटलं. ते दुपारभर सरस्वती महालाच्या संग्रहालयात होते. ते उघडंच होतं. सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत फिरून तिथे जाऊ म्हटलं तर ड्रायव्हर म्हणाला, कुंभकोणम आणि दारासुरम राहून जाईल, जादा किलोमीटरचे पैसे पडतील. ग्रंथालय राहिलंच. मला ३२,००० रुपयांपेक्षा याचा संताप जास्त आहे. त्यांचं वय पाहता ते पुन्हा तिथवर जातील असं वाटत नाही.

पुण्यात पावसाळा लागला आणि वर्ख कडेने काळपट-हिरवा पडू लागला. ओळखीच्या सराफांनी सुटलेल्या कपच्यावर नायट्रिक अॅसिडचा थेंब टाकला. तो फसफसला आणि हिरवा झाला. बावीस कॅरेट सोन्याचं असं होत नाही. तो पितळी वर्ख होता.

खरं तंजावर चित्र म्हणजे फार कष्टाचं काम. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने दागिने, महिरपी उठावदार करायच्या, त्यात काचेचे खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख आणि शेवटी रंग. या कलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती जपणारे प्रामाणिक कारागीर तिथे आहेत. हे दलाल त्यांच्याही पोटावर पाय देतात. चित्र घ्यायचंच असेल तर तमिळनाडू सरकारच्या ‘पूम्पुहार’ दुकानात जा, तिथे किंमत ठरलेली असते. दुसरीकडे घेतलंत तर वर्ख किती कॅरेटचा ते बिलावर लिहून मागा. लिहायला का-कू केली की उठा.

आणि ‘शंभर वर्षं जुनं’ हे शब्द ऐकले की तिथेच थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या अशा कलावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे परवाना नसलेला विक्रेता एक तर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय.

एजंट आता म्हणतो, खरेदी तुमची तुम्ही केलीत. पण ‘स्थानिक गाइडसह’ हा त्याचा मेसेज, क्यूआरच्या व्यवहाराची नोंद, प्रमाणपत्राचा फोटो आणि सराफांचं लेखी मत आमच्याकडे आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते, त्यासाठी तंजावरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आम्ही पुण्यातच अर्ज करतो आहोत.

दिवाळीत निघणार असाल तर तिरुचीहून पहाटेच निघा, म्हणजे देऊळ शांतपणे बघून होईल, आणि दुपार राजवाड्यासाठी राखून ठेवा. तिथल्या कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत, दरबार हॉल आहे आणि सरस्वती महालाचं संग्रहालय आहे. गाइड हवा असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहूनच घ्या. काही बंद आहे असं कुणीही सांगितलं, अगदी तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं, तरी गाडी राजवाड्याच्या दारापर्यंत न्यायला लावा आणि तिकीट खिडकीवर स्वतः विचारा.